ऑरेलची निळी गाडी

ऑरेल तिबोदोने आयुष्यातले एकतीस हिवाळे भोंगा वाजवण्यात घालवले. बर्फ उचलणारी यंत्रं रस्त्यात शिरायच्या आधी त्याची टोइंगची गाडी शिरायची, टपावरचा भोंगा कोकलायला लागायचा, आणि शहराच्या रोझमाँ भागातल्या घरांच्या बाहेरच्या वळणदार लोखंडी जिन्यांवरून माणसं घसरत, सावरत खाली धावायची. कुणी पायजम्यावर कोट चढवलेला, कुणाच्या गालाला साबण, एक बाई तर केसांना रंग लावलेल्या अवस्थेत डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून आली होती. जो वेळेत पोचला त्याची गाडी वाचली. जो नाही पोचला त्याची गाडी ऑरेल आकड्याला अडकवायचा आणि जवळच्याच एखाद्या साफ झालेल्या रस्त्यावर नेऊन सोडून द्यायचा. सकाळी मालक फावडं खांद्यावर टाकून गाडी शोधत हिंडायचा आणि ऑरेलच्या नावाने चर्चमधल्या सगळ्या पवित्र भांड्याकुंड्यांचा उद्धार करायचा. आमच्याकडे शिव्या अशाच असतात.

ऑरेलला त्याचं काही वाटायचं नाही. "गाडी काय हरवते होय?" तो म्हणायचा. "तीन-चार रस्त्यांच्या आतच असते. डोळे उघडे ठेवले की सापडते." हे तो इतक्या गुर्मीत म्हणायचा की ऐकणाऱ्याला गाडीपेक्षा त्याचाच राग जास्त यायचा. तरी त्याच्या कामात खोट नव्हती. कुणाची गाडी त्याने कधी घासली नाही, कुणाचा आरसा मोडला नाही, आणि उचललेली गाडी कुठे ठेवायची याचे त्याचे स्वतःचे नियम होते. चढावर ठेवायची नाही. शाळेसमोर नाही. शक्यतो पूर्वेकडे न्यायची, कारण तिकडचे रस्ते आधी साफ होतात. आणि म्हाताऱ्या माणसाची गाडी असली तर दिव्याच्या खांबाजवळ. हे नियम त्याला कुणी लिहून दिले नव्हते आणि त्याच्याशिवाय कुणाला माहीतही नव्हते.

भोंग्याने त्याचे कान नेले. पन्नाशीत दाराची बेल ऐकू येईनाशी झाली, साठीत बायको. कानाचं यंत्र मिळालं होतं, ते मोज्यांच्या खणात पडून असायचं. "ते लावलं की डोक्यात कुणी भांडी घासतंय असं वाटतं," तो म्हणायचा. खरी गोष्ट अशी की त्याला लाज वाटायची. बायको, युगेत, मुलखाची बडबडी, पण तिने कधी तक्रार केली नाही. काही सांगायचं असलं की ती आधी त्याची बाही ओढायची, तो वळला की मग तोंडासमोर तोंड आणून बोलायची. त्यामुळे जगात त्याला फक्त तिचंच बोलणं नीट समजायचं.

तो निवृत्त झाला आणि आठव्या महिन्यात युगेतला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, त्या नागमोडी जिन्यावरून तिला वर-खाली कोण नेणार? तिला शहराच्या पार पूर्व टोकाला, नदीकाठच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागलं. पहिल्या महिन्यात ती कुणाच्याच हातून काही खाईना. घास पुढे आला की ओठ मिटून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोटात नळी घालावी लागेल. ऑरेल त्या दिवशी दुपारी तिथे बसला होता. त्याला काही सुचेना, म्हणून त्याने नर्सच्या हातातला चमचा घेतला आणि नुसता पुढे धरला. युगेतने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

त्याला दोन वर्षं आणि दोन महिने झाले. तेव्हापासून एक दुपार चुकली नाही. सकाळ-संध्याकाळ तिला पातळ काहीतरी स्ट्रॉने देतात असं त्याला त्या पहिल्या दिवसांत कुणीतरी सांगितलं होतं, ते त्याने डोक्यात पक्कं ठेवलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. खरं जेवण एकच, दुपारी बाराचं, आणि ते त्याच्या हातचं. दुपारच्या बायकाही तेच सांगायच्या: "दुपारी ती कुणाकडून घेत नाही बाबा, आम्ही थकलो." हे तो न्हाव्याच्या दुकानात सांगायचा, चर्चच्या पायरीवर सांगायचा, कोपऱ्यावरच्या दुकानात दूध घेताना सांगायचा. साडेदहाला घरून निघायचं, बाराला भरवायचं, दोनला परतायचं, कारण अंधार पडल्यावर त्याला गाडी चालवता येत नसे. यात एवढंही इकडचं तिकडे नाही. त्याच्या आयुष्यात दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि नळीची धास्ती त्याच्या मनातून कधी गेली नाही.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी तो सकाळी आठला फावडं आणि ब्रश घेऊन जिना उतरला आणि खालच्या पायरीवर उभाच राहिला. रात्रभर बर्फ पडलं होतं, गुडघ्याच्या वर. ते ठीक होतं, ते गृहीत धरूनच तो अडीच तास आधी उतरला होता. पण आदल्या दुपारी जिथे गाडी लावली होती तिथे गाडीचा उंचवटाच नव्हता. सपाट पांढरं. आणि कडेला, बर्फाच्या भिंतीत खोचलेली नारिंगी पाटी: सोमवारी संध्याकाळी सातपासून इथे गाडी उभी करू नये.

काय झालं असेल हे त्याला एका क्षणात कळलं, कारण ते त्याने हजारदा केलं होतं. चार वाजता पाटी लागली. सातला भोंगा वाजला. तो तेव्हा खिडकीला पाठ करून सूप पीत बसला होता. त्याच्या घराखाली त्याचाच भोंगा दहा मिनिटं कोकलला, आणि त्याला चमचा वाटीला लागल्याचाही आवाज आला नाही. पाटी बघायला खिडकीतून एकदा वाकायचं असतं, हे त्यानेच सगळ्या रस्त्याला शिकवलेलं. काल तो वाकला नव्हता.

"काय ऑरेल!" समोरच्या घरातला गाएतां फावड्यावर रेलून उभा होता. ऑरेलने त्याची गाडी आजवर सात वेळा उचलली होती आणि गाएतांने प्रत्येक वेळ लक्षात ठेवली होती. तो जवळ आला आणि मुद्दाम ऑरेलच्या तोंडासमोर, एकेक शब्द तोडत ओरडला, "गाडी! हरवली! का!"

"हरवत नाही."

"बरोबर! तीन-चार रस्त्यांच्या आत असते!" गाएतांला असा दिवस पुन्हा मिळणार नव्हता. "डोळे उघडे ठेव म्हणजे झालं!"

ऑरेल त्या सपाट जागेकडे बघत होता. त्याचा चेहरा पाहून गाएतांचं हसू जरा ओसरलं. "बाराला पोचायचं ना तुला? मी टॅक्सीला फोन लावून बघतो."

"कशाला? दहा मिनिटांत सापडेल."

गाएतांने तरी लावून पाहिला. तिकडे कुणी उचलत नव्हतं. आदल्या संध्याकाळी आधी पाऊस पडला होता, तो खाली येताना पाणी आणि टेकताक्षणी काच होणारा पाऊस, आणि त्या काचेवर मग रात्रभर बर्फ. अशा सकाळी टॅक्सी मिळत नाही. बस अडकत, थांबत, तासाने एक. खरं म्हणजे ऑरेलने तेव्हाच, आठ वाजताच, बसच्या थांब्याकडे चालायला लागायला हवं होतं. दोन तासांत रखडत का होईना पोचला असता. पण ते त्याला कोण सांगणार? एकतीस वर्षं लोकांच्या गाड्या ठेवलेल्या माणसाला स्वतःची गाडी सापडत नाही, हे त्याच्याच पचनी पडणारं नव्हतं.

तो विचार करत निघाला, आणि इथेच त्याची चूक झाली. मी असतो तर कुठे ठेवली असती, असा तो विचार करत होता. आपला रस्ता आठव्या नंबरचा. पश्चिमेला चढ आहे, तिकडे नाही. नवव्यावर शाळा. म्हणजे दहावा किंवा अकरावा. त्यात दहावा आधी साफ होतो. म्हाताऱ्याची गाडी, म्हणजे दिव्याच्या खांबाजवळ. आता टोइंगच्या गाडीवर कोण पोरगं बसतं, त्याला हे नियम ठाऊक असायचं काही कारण नाही, ते दिसेल त्या भोकात गाडी सोडून घरी जात असेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. ती गाडी पुढे चौथ्या दिवशी सापडली. पश्चिमेलाच होती, चढावर, आणि खांबापासून चांगली लांब.

दहाव्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना पांढरे ढीग ओळीने बसले होते. एकसारखे. गाडीचा रंग नाही, नंबर नाही, आकारसुद्धा नाही. वायपर बर्फात चिकटू नयेत म्हणून रात्री सगळेच ते काचेपासून उभे करून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक ढिगातून दोन काड्या वर आलेल्या. युगेतने ओळखीसाठी अँटेनाच्या टोकाला लाल लोकर बांधलेली होती, ऑरेल ती शोधत एकेका ढिगापाशी थांबत चालला. दिव्याच्या खांबाजवळच्या ढिगातून अँटेना बाहेर आलेली होती आणि तिला लाल लोकर होती.

त्याला इतका आनंद झाला की तो मोठ्याने म्हणाला, "सांगितलं होतं!" सांगितलं कुणालाच नव्हतं. आणि अँटेनाला लाल लोकर बांधणारी युगेत रोझमाँमध्ये एकटी नव्हती, हेही त्याला त्या क्षणी आठवलं नाही.

तो कामाला लागला. वरचं बर्फ हलकं होतं, ते ब्रशने पडलं. मधलं दाबलेलं, ते फावड्याने कापून काढावं लागलं. रस्ता साफ करणाऱ्या यंत्राने बाजूला लोटलेलं बर्फ चाकांपाशी दगडासारखं बसलं होतं, त्यात फावडं जाईना. त्याखाली ती पावसाची काच, बोटभर जाड, सगळ्या गाडीला एकाच तुकड्यात चिकटलेली. तिच्यातून खालचा रंग दिसला. निळा! ऑरेलने ब्रशच्या दुसऱ्या टोकाची खरवडणी पुढे केली आणि ड्रायव्हरच्या दाराच्या कडा मोकळ्या करायला बसला. खरवडून खरवडून हाताला मुंग्या आल्या. उणे अठरा होतं. मिशांवर श्वास गोठला होता. पासष्टाव्या वर्षी छातीत धाप लागली की माणूस थांबतो, तो थांबला नाही, नुसता घड्याळाकडे बघत राहिला. पावणेदहा. दहा वीस. दहा चाळीस.

अखेरीस कुलपाचं भोक मोकळं झालं. किल्ली आत गेली, अर्धी. फिरेना. यात त्याला काही नवल वाटलं नाही, कुलूप आतून गोठतंच. सिगरेट सोडून नऊ वर्षं झाली होती, तरी त्याच्या खिशात लायटर असायचा, तो याचसाठी. त्याने किल्ली तापवली, आत घातली, थोडी पुढे गेली. पुन्हा तापवली. पुन्हा. चौथ्या वेळी दात ओठ खाऊन पिळली, आणि हातात किल्लीचं डोकं तेवढं राहिलं.

तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. दुसरी किल्ली युगेतच्या पर्समध्ये होती, आणि पर्स युगेतच्या उशाशी, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

कुणीतरी त्याची बाही ओढली. तो एकदम दचकून वळला. बाही ओढणारं माणूस त्याच्या आयुष्यात एकच होतं. पण मागे उभी होती एक तरुण मुलगी, हातात कॉफीचा मग, डोक्यावर उलटीसुलटी टोपी.

"केव्हाची हाका मारतेय!" ती म्हणत होती. "अहो काका, माझी गाडी कशाला उकरताय?"

"माझी आहे."

"तुमची?" ती हसायला लागली. "तुमची कशी असेल? काल मीच लावलीय इथे. थांबा." तिने मागच्या काचेवरचं बर्फ बाहीने पुसलं. आत, मागच्या सीटवर, एक गुलाबी ससा बसला होता. "हा तुमचा आहे?"

ऑरेलने सशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. 

"देवासारखे आलात, काका," ती म्हणाली. तिचं नाव जोझियान, आणि तिला अजून काही कळलेलं नव्हतं. "मी वरून बघत होते, म्हटलं कोण हा पुण्यवान माणूस! मला दुकान उघडायला पोचायचंय, मी तर आज रडणारच होते." मग तिने कुलूप पाहिलं. "हे काय? काका? हे आत काय अडकलंय?"

त्याने मूठ उघडून किल्लीचं डोकं दाखवलं.

पुढचं मिनिटभर जोझियानने चर्चमधलं एकही भांडं सोडलं नाही. ऑरेल समोर उभा राहून ऐकत होता, म्हणजे तिचं तोंड हलताना बघत होता. या माणसाने एकतीस वर्षं असल्या शिव्या हसत झेलल्या होत्या. आज त्याला फार वेळ तिच्याकडे बघवेना, नजर आपल्या बुटांवर गेली. शेवटी तिच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याचे गाल ओले आहेत आणि ते गोठत चाललेत.

"अहो... अहो काका. रडताय कशाला? पलीकडच्या दारातून शिरेन मी. एवढं काय त्यात?"

"माझी बायको जेवायची थांबलीय," तो म्हणाला. "बाराला. माझ्याशिवाय खात नाही ती. मग नळी घालतील."

जोझियानला त्यातलं निम्मं समजलं असेल. तिने कॉफीचा मग त्याच्या हातात दिला. "प्या. आणि बसा गाडीत."

दोघांनी पलीकडचं दार आणि पुढची काच खरवडून मोकळी केली, मग ती त्या दारातून आत शिरली, गिअरच्या दांड्यावरून पाय टाकत स्टिअरिंगमागे गेली. गाडी सुरू झाली. पण चाकं जागच्या जागी फिरायला लागली, बर्फ उडालं, गाडी हलेना. ऑरेल उतरला, चाकांखाली तिच्या गाडीतली वाळूची पिशवी ओतली, मागून ढकलली. परत ढकलली. ज्याला स्वतःची गाडी मिळाली नाही तो दुसऱ्याची गाडी ढकलत होता, आणि घड्याळात साडेअकरा वाजले.

वाटेत कोपऱ्यावरच्या दुकानापाशी त्याने तिला थांबायला लावलं. आत जाऊन दुकानदारणीचा फोन मागितला, शुश्रूषागृहाचा नंबर लावला आणि तोंडात जेवढा आवाज होता तेवढा लावून ओरडला, "मी ऑरेल तिबोदो! मी येतोय! तिला सांगा मी येतोय! ताट परत नेऊ नका!" पलीकडून काहीतरी बोललं गेलं. त्याला नुसती खरखर आली. "काय? मोठ्याने बोला! ती काय करतेय?" खरखर. कानाचं यंत्र मोज्यांच्या खणात होतं. दुकानदारीण त्याच्या हातातून रिसीव्हर घेऊ लागली तेवढ्यात फोन बंद झाला. दुकानात दूध घ्यायला आलेले दोघंतिघं माना वळवून उगीच डब्यांकडे बघत राहिले.

जोझियानला उशीर झाला होता, तरी तिने त्याला पूर्वेकडच्या बसच्या थांब्यापर्यंत सोडलं. "काका, कुलपाचं नंतर बघू," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडासमोर येऊन पुन्हा एकदा म्हणाली, म्हणजे त्याला कळलं. बस सव्वा तासाने आली. ती पुलाखाली अर्धा तास अडकली. बसमध्ये सगळे बडबडत होते, हसत होते, कुणीतरी पिशवीतले चीजचे तुकडे वाटले, एक तुकडा ऑरेलपुढेही आला. त्याने घेतला आणि हातातच धरून ठेवला. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पण तिने खाल्लं नसताना त्याच्या घशाखाली उतरणार नव्हतं.

तीनला दहा कमी असताना तो पोचला. दोन वर्षांत या वेळेला तो इथे कधी आला नव्हता. दुपारच्या ओळखीच्या बायका कोट चढवून निघाल्या होत्या आणि पाळीवर दुसऱ्या येत होत्या. तो ओले बूट तसेच घेऊन लांबलचक कॉरिडॉरमधून धावत सुटला, धावणं म्हणण्याइतकं जे काही होतं ते.

युगेत खिडकीशी खुर्चीत होती. तिच्यापुढच्या टेबलावर ताट होतं, आणि ताट रिकामं होतं. बटाट्याचं नाही, मांसाच्या लगद्याचं नाही, काही उरलेलं नव्हतं. शेजारी एक धिप्पाड काळी बाई तिच्या हनुवटीला फडकं लावत होती. हैतीकडची, संध्याकाळच्या पाळीची, मिर्लांद तिचं नाव.

"हे कुणी... सांडलं?" ऑरेलने विचारलं.

"सांडलं?" मिर्लांदने वळून त्याला पाहिलं आणि तो कोण ते कळताच त्याच्यासमोर येऊन सावकाश बोलू लागली. "तुम्ही म्हणजे मस्यू तिबोदो! शेवटी भेट झाली म्हणायची. काळजी करू नका, जेवलीय ती. बाराला तोंड उघडलं नाही म्हणे, दाराकडे बघत बसलेली. मी लवकर आले, ताट गरम करून आणलं. भूक लागली होती हो बिचारीला. चाटूनपुसून खाल्लं."

"तुमच्या हातून?"

"माझ्याच की. रोज रात्री खातेच ना माझ्याकडून. काल तर वाटाण्याचं सूप दोनदा मागितलं. डाव्या हाताने वाटी वाजवते, अशी. आणि मेपलच्या पाकातला तो गोड पदार्थ असला की शेजारच्या म्हातारीचासुद्धा..." ती हसता हसता थांबली, कारण ऑरेल भिंतीला टेकला होता.

"रात्री ती पातळ घेते. स्ट्रॉने."

"ते कधीचं? मी इथे आल्याला दीड वर्ष झालं. मी तरी कधी स्ट्रॉ बघितली नाही."

"मग दुपारी?"

 मिर्लांदने युगेतकडे पाहिलं. ऑरेलनेही पाहिलं. युगेत खिडकीबाहेर बघत होती. चोरी पकडल्यावर लहान मूल बघतं तशी, अगदी लक्ष देऊन, जिथे बघण्यासारखं काही नाही तिथे.

दोन वर्षं आणि दोन महिने. ऑरेलच्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगायला हवं, आणि ते चांगलं नव्हतं. त्याला संताप आला. त्याला वाटलं, ओरडावं. त्या दगडी बर्फात मोडलेली किल्ली, ती पोरगी, तो फोन, रस्त्यात कुणाकुणासमोर रडलेलं, हे सगळं कशासाठी? हिला खाता येत होतं. कुणाकडूनही. पहिल्या महिन्यानंतर त्याची गरजच नव्हती. नळी नाही, मरण नाही, काही नाही. ती रोज दुपारी बारा वाजता ओठ मिटून बसत होती आणि संध्याकाळी वाटी वाजवून सूप मागत होती.

मग त्याला कळलं की ती का मिटून बसत होती. आणि ते कळल्यावर संतापायलाही काही उरलं नाही. निवृत्तीनंतरच्या त्या आठ महिन्यांत तो दिवसभर खिडकीशी बसायचा, दाढी करायचा नाही, तिने दहादा बाही ओढली तरी वळायचा नाही. ते तिने पाहिलं होतं. तिची वाचा गेली, अर्धं अंग गेलं, आणि उरलेल्या अर्ध्या अंगाने तिने त्याला रोज साडेदहाला घराबाहेर काढलं होतं.

तो तिच्यासमोर खुर्चीत बसला. हातमोजे काढले तर बोटं सुजून लाल झालेली. "मला गाडी सापडली नाही," तो म्हणाला. त्याला दुसरंच काही म्हणायचं होतं. "सगळीकडे बघितलं, युगेत. नाही सापडली."

युगेतने खिडकीवरची नजर काढली. त्याची ओली मिशी पाहिली, ती बोटं पाहिली. तिने चांगला हात पुढे केला, त्याची बाही ओढली, आणि रिकाम्या ताटातला चमचा उचलून त्याच्या हातात ठेवला. त्याची बोटं मिटेनात, तिने एकेक करून मिटवली.

"नको," तो म्हणाला. "जेवलीस ना तू. नको आता."

तिने पुन्हा बाही ओढली. मिर्लांदने न बोलता अर्धी वाटी सूप आणून टेबलावर ठेवलं, आणि युगेतने भरल्या पोटी तोंड उघडलं.